व्ही-क्रॉसचं सस्पेन्शन बदलण्याआधी वजनकाट्यावर जा

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, २०२१ची, ७२,००० किलोमीटर झालेली, टायर मूळचेच २५५/६० आर १८. रोज वाकड ते चाकण जाणं-येणं. हौद्यावर फायबरची कॅनपी, आत फारसं काही नाही. पावसाळ्यात वेल्हे-मुळशीच्या कच्च्या वाटा आणि वर्षातून एकदा सामान भरून स्पिती नाहीतर जैसलमेर. तक्रार अशी की रिकाम्या गाडीत मागून गचके बसतात, स्पीड ब्रेकरवर मागची चाकं उडाल्यासारखी वाटतात आणि ब्रेक दाबला की नाक खाली जातं. एका दुकानदाराने तीन इंचांचा लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा) सुचवला, दुसऱ्याने रिमोट रिझर्व्हॉयरचे, म्हणजे तेल-वायूचा जादा डबा वेगळा असलेले शॉक. बजेट दीड लाख.

यातली एकही तक्रार उंचीची नाही. गाडी कुठे घासली, डिफ (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, डिफरन्शियल) आपटला, खालची प्लेट खडकावर बसली असं तुम्ही लिहिलेलं नाही. तक्रार आहे ती गाडीच्या चालीची. लिफ्टने चाल सुधारत नाही. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे ब्रेक मारल्यावर नाक उलट जास्त खाली जातं. त्यामुळे तीन इंचांचा सल्ला तुमच्या प्रश्नाला लागूच होत नाही. त्याचे तोटे वेगळे आहेत, ते पुढे येतील.

स्प्रिंग आणि शॉक यांची कामं नीट वेगळी करून घेऊ, कारण इथली गल्लत सगळ्यात महाग पडते. पुढची कॉइल स्प्रिंग आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) वजन पेलतात आणि गाडीची उंची ठरवतात. शॉकअप वजन पेलत नाही. दबलेली स्प्रिंग परत उसळते, त्या उसळीची ऊर्जा तेलात जिरवून तिची उष्णता करणं एवढंच त्याचं काम. म्हणजे गाडी खाली बसली असेल तर स्प्रिंगकडे बघायचं आणि हेलकावे किंवा उड्या थांबत नसतील तर शॉककडे. रिकाम्या गाडीत गचके बसण्याला मात्र दोन्ही कारणं असू शकतात, आणि पिकअपमध्ये तिसरं कारण नेहमीच हजर असतं: मागचे पाटे रिकाम्या हौद्यासाठी बनवलेलेच नसतात.

हे आकड्यांत बघा. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या गाडीचे मोजलेले नाहीत. समजा, मागच्या एका चाकावर ॲक्सल वगळून ३०० किलो वजन आहे आणि पाट्यांचा कडकपणा दर मिलिमीटरला ४० न्यूटन आहे. मग गाडीचा मागचा भाग सेकंदाला साधारण १.८ वेळा वर-खाली होईल. त्याच चाकावर ५०० किलो आले की हा आकडा १.४ वर येतो. म्हणून लग्नाचं सामान भरून निघालेली पिकअप कारसारखी मऊ चालते. आता त्याच रिकाम्या गाडीत 'हेवी ड्यूटी' म्हणून ६० न्यूटनचे पाटे टाकले, तर आकडा २.२५ च्या पुढे जातो. तुम्हाला आज जे गचके वाटतात, ते पैसे मोजून वाढवून घेतल्यासारखं होईल. वर्षातले दहा दिवस सामान भरून जायचं म्हणून बाकीचे साडेतीनशे दिवस कडक पाट्यांवर काढायचे, हा रोज चालणाऱ्या पिकअपमधला सगळ्यात नेहमीचा चुकीचा निर्णय आहे.

म्हणून पहिलं काम दुकानात जायचं नाही, वजनकाट्यावर जायचं. चाकणच्या बाजूला काट्यांची कमतरता नाही. टाकी भरा, रोज जे सामान असतं ते ठेवा, स्वतः बसा. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. पुढच्या प्रवासाला सामान भराल तेव्हा असंच पुन्हा करा. या दोन पावत्या हातात असल्या की पाटे निवडायला कुणाच्या मताची गरज उरत नाही. चांगल्या किटमध्ये पाटे 'सतत किती जादा वजन' या हिशोबाने दिलेले असतात: काही नाही ते दीडेकशे किलो, मग तीनशेपर्यंत, मग त्यापुढे. यातला 'सतत' हा शब्द विसरू नका. तुमचं सततचं जादा वजन म्हणजे कॅनपीचे साठ-सत्तर किलो आणि थोडी हत्यारं. म्हणजे सगळ्यात हलका पर्याय.

वजन कुठे ठेवलं आहे यानेही बराच फरक पडतो. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३,०९५ मिमी आहे. मागच्या ॲक्सलच्या ९०० मिमी मागे, म्हणजे टेलगेटच्या बाजूला, १०० किलो ठेवले तर मागच्या ॲक्सलवर १०० नाही, १२९ किलो वाढतात, आणि पुढची चाकं २९ किलोंनी हलकी होतात. पाण्याचे कॅन, डिझेलचे कॅन आणि जादा चाक शक्यतो हौद्याच्या पुढच्या भिंतीला लावून ठेवा. २० लिटर डिझेल म्हणजे साधारण १७ किलो, डब्याचं वजन वेगळं. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या: पाटे कितीही जाड घातले तरी आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, चासी तीच राहते. आत बसलेली माणसंसुद्धा त्याच वजनात धरायची असतात.

खर्च करण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा करता येते. सिमेंटची ५० किलोंची दोन पोती मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे हौद्यात ठेवा, दोरीने घट्ट बांधा आणि रोजच्याच रस्त्यावरून फिरून या. गाडी एकदम समजूतदार झाली तर पाटे तुमच्या वजनाला कडक आहेत. गचके कमी झाले पण स्पीड ब्रेकरनंतर मागचा भाग दोन-तीनदा झुलत राहिला, तर शॉक गेलेले आहेत. काहीच फरक पडला नाही तर टायरमधली हवा आणि पाट्यांचं जाम होणं तपासा.

हवा हा फुकटचा उपाय आहे आणि तो आधी करायचा. पंपावरचा पोरगा सवयीने चाळीस भरून देतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचे आकडे वेगळे दिले असतील तर रिकाम्याचा वापरा. टायर थंड असतानाच मोजा. मागच्या टायरमधून चार-पाच पीएसआय जादा हवा काढल्याने जो फरक पडतो, तो काही वेळा नव्या शॉकनेही पडत नाही.

पाटे जाम होणं ही आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी आहे. चिखल आणि पाणी पाट्यांच्या मधे शिरतं, गंज चढतो, टोकांचे लायनर झिजतात आणि पाटे एकमेकांवरून घसरेनासे होतात. मग छोट्या खड्ड्यात पाटा वाकतच नाही, धक्का थेट चासीला जातो. गाडी कोकणात वरचेवर जात असेल तर खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. पाटे खोलून वायर ब्रशने साफ करणं, लायनर बदलणं आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश तपासणं हे अर्ध्या-एक दिवसाचं काम आहे. मधे साधं ग्रीस भरू नका, त्यात धूळ अडकून सँडपेपरसारखं घासतं. शॅकलची पिन गंजून बुशमध्ये अडकली असेल तर नवे पाटे टाकूनही चाल बदलणार नाही.

आता शॉककडे येतो. ७२,००० किलोमीटर आणि आपले रस्ते हे बघता मूळचे शॉक संपले असण्याची शक्यता मोठी आहे. गाडीचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा पिकअपवर भरवशाची नाही, मागे पाट्यांचं घर्षणच गाडीला थांबवतं. त्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर चालवा आणि उतरून चारही शॉकच्या नळीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. काम करणारा शॉक तापतो. जोडीतला एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार आहे तो मेलेला. हाताने तपासायचं तर आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्या, शॉक चटका बसेल इतके तापू शकतात. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर दिसला तर मोजायचीही गरज नाही.

कुठल्या प्रकारचा शॉक घ्यावा हे मात्र परिस्थितीवर आहे. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीत चालतो. तेल बाहेरच्या भिंतीला लागून असल्यामुळे लवकर गार होतं. जैसलमेरकडच्या पन्हळी पत्र्यासारख्या उठलेल्या वाटांवर तासन् तास चालवायचं असेल तर हा गुण मोलाचा आहे. पण तीच नळी दगडाने चेपली की पिस्टन अडकतो आणि शॉक तिथेच संपतो. ट्विन ट्यूबला (एकात एक दोन नळ्या) बाहेरून खळगा पडला तरी आतली नळी शाबूत राहते, गाडी घरी येते. त्याची खोड अशी की सतत जोरात चालवल्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि शॉक मऊ पडतो. यावर उपाय म्हणून काही कंपन्या वायूच्या जागी बंद पेशींचा फोम घालतात, त्याला फोम सेल म्हणतात. तुमचा वापर बघता मी जाड पिस्टनचा फोम सेल ट्विन ट्यूब घेईन. रोजच्या चाकण रस्त्यावर तो मऊ चालतो, सह्याद्रीतल्या दगडांना दाद देत नाही आणि वर्षातून एका वाळवंटाच्या फेरीपुरती उष्णता सहन करतो.

रिमोट रिझर्व्हॉयर वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. जादा तेल आणि जादा वायूची जागा मिळाल्याने तासाला ऐंशी-नव्वदच्या वेगाने खराब रस्ता कापणाऱ्या गाडीचा शॉक तापून गळून जात नाही. स्पितीच्या वाटेवर ग्रांफू ते बातल या पट्ट्यात तुम्ही तासाला पंधरा-वीस किलोमीटरने चालणार, तिथे शॉक तितका तापतच नाही. त्याबदल्यात होज नीट बांधावी लागते, ती कुठे घासते ते बघत राहावं लागतं आणि काही वर्षांनी सील बदलून वायू पुन्हा भरावा लागतो. हे काम तुमच्या शहरात कोण करतं आणि सील किट मिळतं का, या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडून लेखी मिळत नसेल तर तो पैसा तिथे घालू नका. शिवाय पुणे ते स्पिती आणि परत हा चार हजारांहून जास्त किलोमीटरचा प्रवास आहे. त्यातला खडकाळ भाग काही शे किलोमीटरचा. तुमची 'ऑफरोड' सहलसुद्धा मुख्यतः हायवेची सहल आहे.

नॉब फिरवून कडकपणा बदलता येणारे शॉकही मिळतात. वजन वरचेवर बदलणाऱ्या गाडीला ते उपयोगी आहेत. पण एकच नॉब असलेल्या बऱ्याच शॉकमध्ये दाबताना आणि उसळताना होणारा विरोध एकत्रच वाढतो. तुम्हाला गरज असते फक्त उसळी आवरण्याची, आणि मिळतो त्याबरोबर कडक गचका. मी मागच्या दोन शॉकना नॉब घेईन, पुढे नाही.

स्प्रिंग आणि शॉक यांची जोडी जुळली पाहिजे, हे दुकानात फार कमी वेळा सांगितलं जातं. वरच्या उदाहरणात पाटे ४० वरून ६० न्यूटनवर नेले, तर तीच उसळ तितकीच आवरायला शॉकचा विरोध साधारण २२ टक्क्यांनी वाढवावा लागतो. मूळ शॉक तसेच ठेवून जाड पाटे टाकले की गाडी चेंडूसारखी उडते. उलट, मऊ पाट्यांवर फार कडक शॉक टाकला की खड्ड्यांच्या रांगेत पाटा पूर्ण उघडायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. म्हणून शक्यतो स्प्रिंग आणि शॉक एकाच कंपनीचे, एकाच वजनगटाचे घ्या.

पुढच्या स्प्रिंगबद्दल आपल्याकडे एक खास फसगत होते. व्ही-क्रॉससाठी मिळणारे बरेच किट ऑस्ट्रेलियाच्या हिशोबाने बनलेले असतात: ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग ही सगळी तिकडची नावं. तिथे पुढे पोलादी बुल बार आणि विंच म्हणजे शंभर किलोंच्या आसपास वजन गृहीत धरलेलं असतं. भारतात बुल बारवर परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे, आणि एअरबॅग असलेल्या गाडीला तो लावूही नये. मग त्या वजनासाठीची कॉइल बिनवजनाच्या नाकाखाली गेली की काय होतं? नाक हवं त्यापेक्षा वर जातं आणि चाक खाली लोंबायला जागाच उरत नाही. स्पीड ब्रेकर उतरताना शॉक पूर्ण उघडून 'टक्' असा आवाज येतो. दुकानदार तो बुशचा आवाज म्हणून सांगतात. पुढे सगळ्यात हलक्या वजनगटाची कॉइल मागा, आणि तिचा कडकपणा दर मिलिमीटरला किती न्यूटन ते लिहून घ्या.

मागवताना आणखी एक चूक टाळा. भारतात विकली जाणारी व्ही-क्रॉस ही २०१२ पासूनच्या जागतिक पिढीतली आहे. थायलंडमध्ये २०१९ च्या अखेरीस आणि ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये आलेली डी-मॅक्स वेगळ्या पिढीची आहे. तुमच्या आरसीवर २०२१ असलं तरी परदेशी कॅटलॉगमध्ये '२०२१ डी-मॅक्स' निवडलात तर दुसऱ्याच गाडीचे भाग येतील. २०१२ ते २०२० च्या पिढीचा भाग क्रमांक मागा.

आता लिफ्ट. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे उंचीला मर्यादा आहे. शॉक खालच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या हातावर) चाकाच्या बराच आत बसलेला असतो, म्हणून शॉक एक मिमी हलला की चाक साधारण दीड ते दोन मिमी हलतं. त्यामुळेच शॉकच्या डोक्यावर २५ मिमीची चकती ठेवली की गाडी चाळीस-पन्नास मिमी वर येते, आणि स्वस्तातलं काम झालं असं वाटतं. पण चाक पूर्ण लोंबलं की तेही पूर्वीपेक्षा तितकंच जास्त खाली जातं, सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा वाकणारा सांधा) आणि वरचा बॉल जॉइंट त्यांच्या मर्यादेबाहेर वाकतात, वरचा आर्म कॉइलला घासायला लागतो. आणि चाक पूर्ण वर आलं की मूळ बंप स्टॉप टेकायच्या आत शॉकच आतून आपटतो. चकतीवरची गाडी दिसते छान, पण वर्षभरात सीव्हीचे बूट फाटून ग्रीस उडायला लागतं.

तुमच्यासाठी पुढे ३० ते ४० मिमी, तेही नव्या कॉइलने, चकतीने नाही. चाळीसच्या वर जायचं तर डिफ खाली घेणारे ब्रॅकेट आणि नवे अपर कंट्रोल आर्म हा खर्च धरावाच लागतो. तीन इंच म्हणजे ७६ मिमी. रोज हायवेवर चालणाऱ्या या गाडीला ते नकोच. मागे २५ ते ४० मिमी पुरे, पण मागचा भाग रिकामा असताना नाकापेक्षा वीसेक मिमी वर राहिला पाहिजे. गाडी सपाट दिसावी म्हणून ही तिरपाई काढून टाकली की सामान भरल्यावर नाक वर जातं, स्टिअरिंग हलकं पडतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत दिवे जातात.

मागे उंची मिळवायला लांब शॅकल किंवा ॲक्सल आणि पाट्यांच्या मधे ठोकळे घालण्याचे सल्लेही मिळतील. ५० मिमी लांब शॅकलने गाडी जेमतेम २५ मिमी वर येते, कारण पाट्याचं फक्त एक टोक उचललं जातं. त्यात डिफची मान फिरते आणि प्रॉपेलर शाफ्टचे (मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) कोन बिघडतात. ठोकळ्यांनी ॲक्सलला लांब तरफ मिळते, जोर लावला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळवटतो आणि चाक थडथडतं. दोन्ही नकोत.

अजून एक गोष्ट. लिफ्टने मागच्या डिफखालची जागा एक मिलिमीटरनेही वाढत नाही. डिफ ॲक्सलबरोबर जमिनीवरच राहतो, वर जाते ती फक्त चासी. डिफ वर न्यायचा असेल तर टायरच मोठा लागतो. तुमचा आत्ताचा टायर ७६३ मिमी व्यासाचा आहे. २६५/६० आर १८ घेतला तर ७७५ मिमी, म्हणजे डिफखाली सहा मिमी. १७ इंची रिमवर २६५/७० घेतला तर ८०३ मिमी, डिफखाली वीस मिमी, पण मीटर पाच टक्के कमी वेग दाखवेल. ट्रकच्या बांध्याचे जाड एलटी टायर जड आणि कडक असतात. आत्ता सुधारलेली चाल तेच परत घालवतील. चांगले ऑल टेरेन टायर, मूळ मापाचे किंवा सहा मिमीवाले, एवढ्यावर थांबा.

कायद्याचं वाचून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. झिजलेला शॉक त्याच मापाच्या चांगल्या शॉकने बदलणं ही दुरुस्ती आहे. लिफ्ट आणि मोठे टायर हे बदल आहेत. हे दाव्याच्या वेळी विमा कंपनीच्या सर्व्हेअरकडून कळण्यापेक्षा आधी कंपनीला लेखी विचारलेलं बरं. लिफ्टशिवाय, मूळ उंचीच्या लांबीचेच चांगले शॉक घ्यायचं ठरवलंत तरी तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी बहुतेक भाग मिटेल. माझा कल तिकडेच आहे.

म्हणजे पैसे घालायचा क्रम असा: हवा दुरुस्त करा, पाटे साफ करा, बुश बदला. मग चार शॉक. दोन महिने चालवा. त्यानंतरही रिकामी गाडी गचके देत असेल तर सगळ्यात हलक्या वजनगटाचे पाटे, आणि नाक खाली बसलेलं असेल तर पुढच्या कॉइल. दीड लाखातले सगळे एकदम खर्चायची घाई नाही. वर्षातल्या सामानाच्या फेरीसाठी मागच्या बंप स्टॉपच्या जागी बसणारे पोकळ जाड रबराचे स्टॉप घ्या. रिकाम्या गाडीत ते पाट्याला लागत नाहीत, सामान भरलं की टेकतात आणि मऊपणे पेलतात. मागच्या सस्पेन्शनमध्ये बसवायच्या हवेच्या पिशव्याही (यांनाही एअरबॅगच म्हणतात) हेच काम करतात, पण पिकअपवर त्या फुगवून जास्त वजन लादलं की सगळा भार चासीच्या एका बिंदूवर येतो. केबिनच्या मागे चासी वाकलेल्या पिकअपमध्ये हे नेहमी दिसणारं कारण आहे. रबरी स्टॉप ज्या जागी बसतो ती जागा तरी आदळआपट सोसायला बनवलेली असते.

बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघायच्या गोष्टी सांगतो, कारण चांगला किटसुद्धा इथेच खराब होतो. काम सुरू व्हायच्या आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढचा शॉक आणि कॉइल वेगळं करताना नीट बांधलेला, भिंतीला किंवा टेबलाला पक्का केलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर हवा. दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर घसरले की दबलेली कॉइल माणूस मारू शकते. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये हे काम करू देऊ नका.

पाटे आणि आर्मचे बुश शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर, तिच्या बसत्या उंचीवर उभी असली पाहिजे. गॅरेजच्या लिफ्टवर चाकं लोंबत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. चाल कडक होते, गाडी थोडी उंच दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका, ते एकदा ताणले की त्यांची पकड जाते. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने), कोपऱ्याकोपऱ्याने, टॉर्क रेंचने आवळा. इम्पॅक्ट गनचा 'टर्र' हा टॉर्क नव्हे. यू-बोल्ट ढिला राहिला की पाटे सरकतात, सेंटर बोल्ट तुटतो आणि एका बाजूचा ॲक्सल मागे जातो. मग गाडी सरळ जाताना तिरकी चाललेली दिसते. शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि हजार किलोमीटरनंतर एकदा पुन्हा टॉर्क तपासायचाच.

मागचा ॲक्सल पूर्ण लोंबवून ब्रेक होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफचा ब्रीदर पाइप ताणला जात नाही ना ते बघा. ॲक्सल पूर्ण वर दाबून शॉकच्या आधी बंप स्टॉप टेकतो ना ते बघा. उंची वाढवली असेल आणि त्यानंतर तासाला दहा ते तीस किलोमीटरच्या वेगात सुटताना खालून थरथर आली, तर प्रॉपेलर शाफ्टच्या सेंटर बेअरिंगखाली चकत्या देऊन कोन सुधारावा लागतो. गिअरबॉक्स उघडायची गरज नाही.

अलाइनमेंट त्याच दिवशी. पुढची उंची वाढली की कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो. मग हायवेवर गाडी भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट फिरवून तो परत मिळवायचा. तीन अंशांच्या आसपास किंवा जास्त, आणि दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. आधी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर, शेवटी टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली). फक्त टो करून छापील कागद हातात देणाऱ्याकडे जाऊ नका. कॅम बोल्ट गंजून अडकलेले असतील तर नवे घ्यावे लागतील, हे आधीच विचारून ठेवा.

नवे पाटे पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दहा-पंधरा मिमी खाली बसतात. तेव्हा पुन्हा चारही मापं घ्या, हेडलाइटचा झोत भिंतीवर बघून खाली करा, यू-बोल्ट आवळा, आणि उंची बदललेली असेल तर अलाइनमेंट पुन्हा बघून घ्या. पुढेमागे छतावर तंबू लावायचा विचार असेल तर सोसायटीच्या बेसमेंटची उंची आजच मोजा. मूळ गाडी साधारण १,८६० मिमी उंच आहे, त्यात ४० मिमी लिफ्ट आणि मिटलेल्या तंबूचे तीनशे मिलिमीटर मिळवले की २,२०० होतात, आणि बऱ्याच बेसमेंटमध्ये स्प्रिंकलरचा पाइप त्याच्याही खाली असतो.